ओव्या ऐकणारे साने गुरुजी

साने गुरुजी म्हटले की महाराष्ट्राला ‘श्यामची आई’ आठवते. शाळेतली प्रार्थना आठवते, पंढरपूरचे उपोषण आठवते. पण याच गुरुजींनी जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या नावाने त्यांचे दोन भाग प्रसिद्ध केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि त्यांनी ‘इस्लामी संस्कृती’ नावाचे पुस्तक लिहून अरबस्तानची आणि हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्या जीवनाची ओळख मराठी वाचकाला करून दिली, हे तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही अनेकांना माहीत नसते. ही दोन्ही कामे एकाच स्वभावातून झाली. समोरचा माणूस काय म्हणतो आहे ते आधी नीट ऐकून घ्यायचे, हा तो स्वभाव.

पालगडचे घर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे. एके काळी बरे दिवस पाहिलेले हे घर त्यांच्या लहानपणी कर्जात बुडत चालले होते. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. आई फार शिकलेली नव्हती. पण व्रतांच्या कहाण्या, देवाची गाणी, म्हणी, ओव्या हे सारे तिच्या जिभेवर होते. मुलाच्या हातून चूक झाली की ती लांबलचक उपदेश करीत नसे. एखादी गोष्ट सांगे, एखादे उदाहरण देई, आणि मुलगा ते जन्मभर विसरत नसे. गुरुजींचे पहिले विद्यापीठ हे असे होते. तिथे पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. कान उघडे ठेवणे एवढीच तिथली फी.

पालगडची शाळा संपल्यावर मुलगा दापोलीला इंग्रजी शाळेत गेला. घरून पैसे येईनात. गरीब विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होते असे ऐकून तो औंध संस्थानात गेला. तिथे प्लेगची साथ आली आणि तेही सुटले. मग पुणे. नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली तो मॅट्रिक झाला. त्याआधीच, १९१७ मध्ये, पालगडला आई वारली. शेवटच्या क्षणी मुलगा तिच्याजवळ नव्हता. ही रुखरुख त्यांच्या मनातून कधी गेली नाही. आईचे शब्द पुन्हा पुन्हा आठवून लिहून ठेवण्याची त्यांची जी तळमळ पुढे दिसते, तिचे मूळ बहुधा इथेच आहे. माणूस जातो आणि त्याच्याबरोबर त्याने सांगितलेल्या गोष्टीही जातात, हे त्यांनी फार लवकर अनुभवले होते.

पंडिताची वाट सोडली

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, ते १९२२ साली मराठी आणि संस्कृत हे विषय घेऊन बी. ए. झाले. पुढे तत्त्वज्ञानात एम. ए. केले. खानदेशात अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. देशभरातले अभ्यासक तिथे राहून अध्ययन करीत. गुरुजीही तिथे गेले. त्यांच्यापुढे विद्वानाची सरळ वाट होती. ग्रंथ वाचावेत, ग्रंथ लिहावेत, एखाद्या महाविद्यालयात प्राध्यापक व्हावे. पण त्या कोरड्या चर्चेत त्यांचे मन रमेना. १९२४ साली ते अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहाचेही काम पाहू लागले.

वसतिगृहातल्या मुलांचे अंथरूण काढावे, कपडे धुवावेत, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, हे सारे ते करीत. मुलांसाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे पत्रक काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक आले. सहा वर्षे शिकवल्यावर १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. त्यानंतर तुरुंग हीच त्यांची अभ्यासिका झाली.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे सत्याग्रही बंदी होते. त्यांची भाषा गुरुजींना येत नव्हती. गुरुजी त्यांच्याजवळ बसून तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. आपल्या शेजारच्या प्रांतातला माणूस काय बोलतो, काय गातो, हे आपल्याला कळू नये याची त्यांना लाज वाटली. ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांच्या मनात रुजली ती याच काळात.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. दर रविवारी विनोबा गीतेच्या एका अध्यायावर बोलत. अठरा रविवार, अठरा प्रवचने. विनोबांनी लिहून काहीच आणलेले नसे. समोर बसलेल्या गुरुजींनी ते बोलणे भराभर लिहून घेतले आणि ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक जन्माला आले. पुढे देशातल्या बहुतेक भाषांत ते गेले. बोलणारे विनोबा होते. पण ऐकून टिपणारा माणूस तिथे नसता, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस रात्री. आश्रमातली कामे उरकल्यावर मित्र गोळा होतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. ओट्यावर बसून सांगितलेल्या गोष्टीचा घाट गुरुजींनी तसाच ठेवला. म्हणून ते पुस्तक आजही वाचले जाते त्याहून अधिक ऐकले जाते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.

जात्याचे साहित्य

‘स्त्रीजीवन’चे दोन भाग १९४० च्या आसपासचे. ज्यांनी जाते पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पहाटे, घर झोपेत असताना, बाई दगडी जात्याशी बसायची. एका हाताने खुंटा धरून जाते फिरवायचे, दुसऱ्या हाताने दाण्यांचा घास घालायचा. कोकणात नाचणी किंवा तांदूळ, देशावर ज्वारी-बाजरी. तासन्‌तास चालणारे हे काम. ते हलके व्हावे म्हणून ती गायची. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण एकमेकांना धरून चालत. पहिली ओवी देवाला, मग आईबापांना, भावाला, लेकराला. सासरी आलेल्या मुलीला दिवसभर मोकळे बोलता येत नसे. पहाटे जात्यापाशी मात्र तिला कोणी अडवत नव्हते. माहेरची ओढ, सासूचा जाच, भावाची वाट पाहणे, नवऱ्याचे कौतुक, गेलेल्या मुलाचे दुःख, सारे तिने दगडालाच सांगितले.

हे गाणे कोणी लिहिले ते कोणालाच ठाऊक नाही. आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला असे ते चालत आले. एकीने एक शब्द बदलला, दुसरीने नवा चरण जोडला. छापील पुस्तकांच्या जगात या रचनांना फारशी किंमत नव्हती. गुरुजींनी त्या ऐकल्या, मिळवल्या, विषयवार लावल्या. माहेर, सासर, भाऊबहीण, लग्न, बाळ, देवधर्म असे गट पाडले. प्रत्येक गटाआधी त्या ओव्यांचा भाव साध्या भाषेत समजावून सांगितला. निरक्षर बायांच्या बोलण्याला त्यांनी साहित्य मानले आणि त्या साहित्याला आपल्या पुस्तकात मानाची जागा दिली.

आजचा संशोधक गाणारीचे नाव, गाव, चाल सारे नोंदवतो, आवाज ध्वनिमुद्रित करतो. पुण्यात गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुढे याच रीतीने खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गुरुजींजवळ ती साधने नव्हती. पण आईच्या आवाजाची आठवण होती, आणि बायकांचे बोलणे हलके मानू नये एवढी नम्रता होती.

याच सुमारास, हजारो मैल दूर, उत्तर आफ्रिकेतही असेच काम चालले होते, हे गुरुजींना कळले असण्याचा संभव कमीच. अल्जीरियाच्या डोंगराळ भागातील कबाइल लोक बर्बर भाषा बोलतात. त्यांची कविता, कहाण्या, म्हणी कित्येक शतके तोंडीच चालत आल्या. त्यांच्यातला एक लेखक जाँ अम्रूश याने आपल्या आईच्या तोंडची गाणी लिहून घेतली आणि १९३९ साली ती फ्रेंच भाषांतरात पुस्तकरूपाने काढली. आई फाद्मा गायची, मुलगा लिहायचा, आणि पुढे बहीण ताऊस हिने ती गाणी स्वतः गाऊन जगाला ऐकवली. पुढे मुलूद मामेरी या अभ्यासकाने कबाइल कवी सी मोहंद याच्या तोंडोतोंडी राहिलेल्या कविता जमवून १९६९ साली त्यांचे पुस्तक केले. १९८० मध्ये तिझी-उझू येथील त्याचे कबाइल कवितेवरचे व्याख्यान सरकारने बंद पाडले, तेव्हा सारा प्रदेश रस्त्यावर आला. लोकांच्या तोंडचे गाणे म्हणजे केवळ करमणूक नसते. त्यात त्यांची ओळख असते, अब्रू असते. आज बर्बर साहित्य आणि आफ्रिकेतील मौखिक परंपरा हे मोठमोठ्या विद्यापीठांतले मान्य विषय आहेत. पालगडचा मास्तर आणि कबाइल आईचा मुलगा यांना विद्यापीठांच्या आधी आईने हा विषय शिकवला होता.

खुंट्यातला अलिफ

जाते काही एकाच धर्माचे नव्हते. कोकणातल्या मुसलमानांच्या घरातही पहाटे तेच जाते फिरत होते, आणि घरात बोलली जात होती ती मराठीच्याच कुळातली कोकणी. लग्नघरात हळद-मेंदीच्या वेळी बायका एकत्र बसून गातात, त्या गाण्यांतही माहेरची तीच ओढ असते.

विजापूरच्या आदिलशाहीत तर सुफी संतांनी जात्याचाच आधार घेतला. दख्खनी भाषेत त्यांनी ‘चक्कीनामा’ या प्रकारच्या रचना केल्या, दळताना बायकांनी म्हणायच्या. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ हे अक्षर, म्हणजे अल्लाहचे नाव, अशी कल्पना त्यांत येते. दळता दळता जिक्र व्हावा, हातातले काम न सोडता नामस्मरण घडावे, हा हेतू. गुरुजींच्या दापोली तालुक्यातले दाभोळ हे त्याच आदिलशाहीचे मोठे बंदर. हजला जाणारी गलबते तिथून सुटत. खाडीकाठची त्या काळातली मशीद आजही उभी आहे. सुफींनी चक्कीनामा रचला, वारकरी संतांनी जात्यावर अभंग म्हटले. दोघांनीही एकच गोष्ट ओळखली होती. बायकांपर्यंत पोहोचायचे तर त्या जिथे बसतात तिथे जाऊन बसावे लागते.

रमजानच्या महिन्यात तर ऐकण्याचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या पैगंबरांवर कुरआन उतरले ते स्वतः लिहिणे-वाचणे शिकलेले नव्हते. कलाम आधी कानांनी ऐकला गेला, छातीत जपला गेला, मग कागदावर आला. आजही तरावीहच्या नमाजात हाफिज तीसही पारे तोंडपाठ म्हणतो आणि मागे उभी असलेली जमात ऐकते. ईश्वरी वाणी आणि माणसाची ओवी यांची बरोबरी कोणी करणार नाही. पण अक्षर न येणाऱ्या माणसालाही मोठे धन जपता येते, हे ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्यांना गुरुजींच्या कामाचे मर्म लवकर समजावे.

शेजारच्या घराची ओळख

‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक गुरुजींच्या याच वृत्तीतून आले. त्याआधी त्यांनी ‘भारतीय संस्कृती’ लिहिली होती. आपल्या घराविषयी लिहिल्यावर शेजारच्या घराविषयीही लिहावे, हे त्यांना स्वाभाविक वाटले असणार. अरबस्तानचे वाळवंट, तिथल्या टोळ्या, त्यांची भांडणे, त्यांचा पाहुणचार, आणि त्या समाजात जन्मलेल्या एका अनाथ मुलाने घडवलेला बदल, हे सारे त्यांनी मराठी वाचकापुढे मांडले. पैगंबरांचे सचोटीचे जीवन, गुलाम, स्त्रिया आणि पोरके यांच्याविषयीची त्यांची कणव, मक्केतला छळ, मदिनेतला बंधुभाव या गोष्टी त्यांनी आदराने सांगितल्या. एका हिंदू लेखकाने, वाद घालायचा नाही, उणेदुणे काढायचे नाही, समजून घ्यायचे आहे, एवढ्याच हेतूने हे लिहिले.

ज्या काळात गुरुजींच्या लेखणीचे हे काम चालले होते, तो काळ सोपा नव्हता. हिंदू आणि मुसलमान यांच्यातले अंतर वाढवण्यात अनेकांचा फायदा होता. शेकडो वर्षे एका गावात राहून, एका विहिरीचे पाणी पिऊन, एका बाजारात भाजी घेऊनही शेजाऱ्याच्या धर्माची साधी माहिती नसायची. अज्ञान असले की अफवा पसरायला वेळ लागत नाही. गुरुजींनी अज्ञानाशी लढायचे ठरवले, आणि त्यासाठी लेखणी हाती घेतली.

ऐकण्याची ही वृत्ती पुस्तकापुरती राहिली नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. विठ्ठलाचे अभंग साऱ्या जातींच्या ओठांवर, पण दार काहींनाच उघडे. गुरुजींनी महाराष्ट्रभर फिरून लोकांचे मन तयार केले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी, १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर ते सुटले. जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या गाणाऱ्या अनेक बायांना आता त्याच्या पायांपर्यंत जाता येणार होते.

शेवटची वर्षे

स्वातंत्र्य आले ते फाळणीचे रक्त घेऊन. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खून करणारा मराठी बोलणारा होता, याचा घाव गुरुजींना खोल लागला. त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. १९४९ साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रत्येक प्रांतातल्या काही मुलामुलींनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली गाणी शिकावीत, ती आपल्या भाषेत आणावीत, अशी ती साधी योजना. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात स्वतः केलेले काम त्यांना साऱ्या देशाकडून करून घ्यायचे होते.

पण मन थकले होते. भोवतालच्या द्वेषाने ते आतून पोखरले गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. वय अवघे पन्नास. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात त्या दिवशी मुले रडली. इतरांचे दुःख ऐकणाऱ्या माणसाचे दुःख ऐकायला मात्र कोणी पुरे पडले नाही, हा त्यांच्या चरित्रातला न भरणारा सल आहे.

पालगडला त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपले आहे. दापोलीकडे जाणारे पर्यटक समुद्रकिनारा पाहतात, काही जण या घराकडेही वळतात. जाते मात्र आता घरात उरले नाही. दळण गिरणीत जाते, पीठ पिशवीतून येते. बायकांचे कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. पण ज्या आजीच्या तोंडी शंभर ओव्या होत्या, लग्नघरातली सारी गाणी होती, दुआ आणि कहाण्या होत्या, ती आजी एकेका गावातून एकेक करून जात आहे.

गुरुजींसारखे मोठे काम सगळ्यांना जमणार नाही. पण एक वही घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसणे कोणालाही जमेल. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी दार उघडे असते, शेजारी येतात, खजूर आणि फळांची ताटे इकडून तिकडे जातात. गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ त्याच दारांनी उलट फिरतात. ताटाबरोबर एक प्रश्नही जाऊ शकतो. तुमच्याकडे बाळाला निजवताना काय म्हणतात? लग्नात कोणते गाणे गातात? तुमची आजी कोणती गोष्ट सांगायची? विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. पालगडच्या या मुलाने आयुष्यभर हेच केले.